रॉकेलचा वास येणारं पार्सल

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज सकाळी मी टपाल कचेरीतून माझं पार्सल परत घेऊन आले.

आत ह्यांच्या सायकलची चेन आणि डायनॅमो होता. हे गेल्यापासून सायकल ओट्यावर उभी होती. तिचा सांगाडा गंजून गेला, तेव्हा नागपूरहून मुलगा म्हणाला, "आई, चेन आणि डायनॅमो तरी पाठव. माझ्या सायकलला बसवतो. बाबांचं काहीतरी चालू राहील."

आमच्या अर्नाळ्याची हवा खारी. हे दर रविवारी चेन रॉकेलने पुसून तेल लावायचे. मीही तसंच केलं आणि सगळं मांजरपाटात शिवून नेलं.

खिडकीवरच्या बाईंनी वास घेतला. "मावशी, आत रॉकेल आहे?"

"नुसतं पुसलंय हो."

"रॉकेल काय, तेल काय, पेट घेणारं काही चालत नाही. उसवा, धुऊन आणा."

मागून एकजण म्हणाला, "काकी, पार्सल कसलं, स्टोव्हच आणलात की!" सगळे हसले. मीही हसले.

घरी येऊन साबणाने धुतलं, उन्हात वाळवलं. आता संध्याकाळी बघते तर चेनीवर तांबूस डाग. तेल लावलं तर टपालात घेत नाहीत, नाही लावलं तर इथे लोखंड टिकत नाही.

मुलाला अजून कळवलं नाही. धुताना ह्यांच्या हातांचा तो वासही गेला, हे तर कळवणारच नाही.

तेलाशिवाय लोखंड टिकवायचा उपाय कुणाला ठाऊक आहे का? ह्यांना तरी आयुष्यभरात सापडला नाही.