दुसऱ्या हुबळीतली मुलगी

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या टायपिंग क्लासात ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसे. नाव मी कधी विचारलं नाही. तिला बंगळूरची नोकरी चालून आली होती, आणि त्या दिवशी उत्तर धाडायची मुदत संपत होती. घरी तिचं लग्न ठरवत होते.

तिने नाव-पत्ता कार्बन लावून टाइप केला, मग कार्बन काढून टाकला. वरच्या कागदावर होकार लिहिला, खालच्यावर नकार. होकार पांढऱ्या पाकिटात घातला, नकार खाकी पाकिटात.

"हुबळी दोन आहेत," ती म्हणाली. "दुसरीतली मी उद्या गाडीत बसते."

"आणि इथली, अक्का?"

"इथली आधी टपालपेटीपर्यंत तर जाऊ दे."

ती दोन्ही पाकिटं घेऊन बाहेर पडली; मी खिडकीतून पाहत होतो. पोस्टमन पेटी रिकामी करत होता. तिने त्याच्या हातात खाकी पाकीट दिलं. त्याची सायकल दाजीबानपेठेकडे वळली, तशी ती पांढरं पाकीट घेऊन सायकलमागे पळत सुटली.