मोरेश्वरकाकांचा अँटेना

सांता क्लारातल्या मराठी मंडळींत मोरेश्वरकाका ओळखले जायचे ते परसातल्या अँटेनामुळे. या निवृत्त इंजिनिअरचा रोजचा उद्योग एकच. दूर वॉशिंग्टन राज्यातल्या नौदलाच्या एका केंद्राचा रेडिओ सिग्नल टिपायचा. हा सिग्नल आयनोस्फियर नावाच्या वातावरणातल्या उंच थरावर आपटून खाली येतो. भूकंपाआधी तो थर बिघडतो आणि सिग्नल डळमळतो, असं काही संशोधकांचं म्हणणं. काकांनी सव्वीस वर्षं नोंदी ठेवल्या होत्या.

त्याला कारण होती त्यांची धाकटी बहीण, यामिनी. किल्लारीजवळच्या एका गावात ती शिक्षिका होती. ब्याण्णव साली तिथं लहान धक्के बसू लागले, तेव्हा तिनं फोन केला होता. "दादा, शेजारचे लोक अंगणात झोपतात. आम्ही काय करू?"

"लहान धक्क्यांनी जमिनीतला जोर निघून जातो. खुशाल घरात झोपा," काका म्हणाले. अमेरिकेतल्या इंजिनिअर भावाचा शब्द तिनं मानला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पहाटे मोठा भूकंप झाला आणि घर कोसळलं. यामिनी आणि तिच्या दोन्ही मुली दगडमातीखाली गेल्या.

त्या फोनबद्दल काका कधी कोणाशी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी देवयानी नावाची पुण्याची मुलगी पीएच.डी.साठी त्यांच्या नोंदी घेऊन गेली. चार महिन्यांनी परत आली, पण लॅपटॉप उघडायला काही धजेना.

"काका, सगळा डेटा तीनदा चेक केला. सिग्नल डळमळतो, पण बहुतेकदा सूर्यामुळे. भूकंप होवो न होवो, प्रमाण तेवढंच. सॉरी."

"म्हणजे त्र्याण्णवला गावात असा अँटेना असता, तरी कळलं नसतं?"

"नसतं. पण त्र्याण्णवला किल्लारीत तुमचं कोणी होतं का?"

काकांनी सगळं सांगितलं.

"मग तुमचा काय दोष, काका? कोणालाच कळलं नसतं."

"कळायला कशाला हवं होतं गं? मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. शेजारचे वर्षभर अंगणातच झोपत राहिले, ते वाचले." आणि पंच्याहत्तरीचे काका तिच्यासमोर ओक्साबोक्शी रडले.

त्याच संध्याकाळी त्यांनी अँटेनाला जोडलेला रिसीव्हर बंद केला.

उन्हाळ्यात देवयानीचा शोधनिबंध आला. सहलेखक म्हणून काकांचं नाव होतं. ती छापील प्रत घेऊन आली. काकांनी ती न उघडताच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पिठलं केलंय. जेवून जा."