कुलपाआडच्या मीटिंगा

‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की पेन आपोआप तिकडे वळतं. दोन तास माणसं एकमेकांवर तुटून पडतात, कोणी रडतं, कोणी उठून जातं, आणि इतिवृत्तात येते ही एक ओळ. बाकीचं सगळं माझ्या डोक्यात साठत राहतं. नऊ वर्षांचं साठलंय. हल्ली ते मला स्वस्थ बसू देत नाही. भाजी चिरताना आठवतं, बसस्टॉपवर आठवतं, आणि मी एकटीच हसते नाहीतर एकटीच चिडते. त्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं.

आमचं महिला सुधारगृह मुलुंडच्या अलीकडे. नाव राहू दे. कोर्टाने पाठवलेल्या बायका आत असतात. आधी मोठं गेट, मग ऑफिस, मग आतलं दार. त्या आतल्या दाराला बारा महिने कुलूप. आत ड्यूटी करणाऱ्या काळजीवाहक बायकांची युनियन आहे. दर महिन्याला युनियन आणि अधीक्षक समोरासमोर बसतात, आणि मी, परबबाई, वरिष्ठ लिपिक, मध्ये बसून लिहिते. मी सभासद युनियनची आणि काम करते अधीक्षकांचं. त्यामुळे दोन्ही बाजूंना वाटतं की ही पलीकडची.

युनियनच्या पुढारी म्हणजे हिराबाई. भांडुपच्या कोळीण, आवाज असा की आतल्या वॉर्डात बोलल्या तर गेटवर ऐकू येतं.

*

देशमाने मॅडम अधीक्षक म्हणून बदलून आल्या, त्यांच्या पहिल्या मीटिंगचा पहिला विषय होता खुर्ची. वॉर्डात काळजीवाहकांना खुर्ची द्यायची नाही असा जुना नियम होता. का, तर बसलेलं माणूस झोपतं. आठ-आठ तास बायका उभ्या. पायांच्या शिरा फुगून दोरीसारख्या झालेल्या.

मॅडम म्हणाल्या, आधी मी बघते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कुलूप काढून आत गेल्या आणि हिराबाईंबरोबर उभ्या राहिल्या. चहा नाही, फोन नाही, काही नाही. आम्हाला वाटलं, अर्ध्या तासात बाहेर येतील. अकरा वाजून गेले. मग बाथरूमपाशी एक प्लास्टिकची बादली पालथी पडलेली त्यांना दिसली. इकडेतिकडे बघून त्या हळूच तिच्यावर टेकल्या.

हिराबाई जवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, ती माझी जागा आहे.”

त्या आठवड्यात खुर्च्या आल्या. बादली मात्र हिराबाईंनी तिथून हलवू दिली नाही.

*

चमच्याचा वाद चार मीटिंगा चालला. खोटं नाही सांगत.

आत काही जाऊ नये म्हणून गेटवर सगळ्यांचे डबे तपासायचे असतात. सावंत नावाचे पहारेकरी, मालवणकडचे, नोकरी संपायला आलेली, डबा उघडून त्यात चमचा फिरवायचे. चमचा एकच. एके दिवशी तो हिराबाईंच्या बोंबलाच्या कालवणातून निघाला आणि घाटकोपरहून येणाऱ्या नर्स शाह सिस्टरांच्या डब्यात गेला. सिस्टर शुद्ध शाकाहारी. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार.

सावंतांचं म्हणणं, ते चमचा पुसत होते. कशाने पुसत होते, ते विचारल्यावर त्यांनी रुमाल दाखवला, आणि मग हिराबाईंचीही तक्रार आली.

एका मीटिंगमध्ये तर सिस्टर आणि हिराबाई एकमेकींशी बोलेनात. दोघी मला सांगायच्या आणि मी पलीकडच्या खुर्चीला सांगायची. शेवटी मॅडमनी दोन चमच्यांचा तोडगा काढला, एकाला हिरवी फीत, एकाला लाल. सगळ्या हो म्हणाल्या. मी लिहायला घेतलं, तेवढ्यात हिराबाई म्हणाल्या, “तीन ठेवा. त्यांची ती साखर घातलेली डाळ माझ्या सोमवारच्या आमटीत नको.”

शाह सिस्टर हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

*

आता जे सांगते ते हसण्यासारखं नाही.

आत मोबाइल न्यायला बंदी. गेटवर लाकडी खणांचं कपाट आहे, ड्यूटीवर येताना फोन त्यात ठेवायचा, सुटताना घ्यायचा. आतल्या बायकांच्या हाती फोन लागू नये म्हणून. कारण बरोबरच आहे.

हिराबाईंचा नवरा दुसऱ्याच्या मोठ्या बोटीवर खलाशी. एका सकाळी हिराबाई ड्यूटीवर आल्या, फोन खणात ठेवला आणि आत गेल्या. थोड्याच वेळात फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजला. दुपारपर्यंत वाजत राहिला. सावंत समोरच स्टुलावर बसलेले. दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही, ड्यूटीवरच्या बाईला बाहेर बोलवायचं नाही, हे दोन्ही नियम त्यांच्या डोक्यावरच भिंतीला चिकटवलेले.

तीनला हिराबाई बाहेर आल्या. फोन बघितला. सव्वीस मिस्ड कॉल, सगळे मुलीचे. त्यांनी लावला, कानाला धरला आणि गेटच्या पायरीवर बसल्या. नवऱ्याच्या बोटीचा रात्रीपासून पत्ता नाही, असं त्या ड्यूटीवर आल्यावर घरी कळलं होतं. अख्खा कोळीवाडा सकाळपासून धक्क्यावर उभा होता. दुपारी दुसऱ्या एका बोटीने त्यांची बोट दोर बांधून ओढत आणली. इंजिन बंद पडलं होतं. माणसं सगळी सुखरूप. नवरा घरी पोचून जेवून झोपलासुद्धा होता.

म्हणजे तसं बघितलं तर काहीच झालं नाही.

पण पुढच्या मीटिंगला हिराबाईंनी तोच फोन टेबलावर, मॅडमच्या फाइलवर ठेवला. नेहमीचा आवाज नाही. म्हणाल्या, “माझा नवरा बुडता बुडता परत आला, आणि मी आत डाळ वाढत होते.”

मॅडम सुरक्षेचं बोलायला लागल्या, मध्येच थांबल्या. मागे सावंत उभे होते. त्यांना मीटिंगमध्ये बोलायचा अधिकार नाही, ते ना युनियनमध्ये ना ऑफिसात, ठेकेदाराचे. तरी बोलले. “फोन वाजी होतो, बाई. मी नुसतो बघी होतंय.”

हिराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी पेन उचललं आणि तसंच धरून बसले.

*

त्यातून एक गोष्ट मात्र झाली. गेटवर साधा लँडलाइन बसला आणि एक निरोप वही आली. घरून फोन आला की सावंतांनी वहीत लिहायचं, चिठ्ठी फाडायची, अधीक्षकांची सही घ्यायची, आणि दहा मिनिटांच्या आत ती चिठ्ठी वॉर्डात पोचली पाहिजे. मॅडमनी स्वतः नियम लिहिला, तीन वेळा खोडून.

पहिले चार दिवस फोन वाजला नाही. सावंत त्याच्यासमोर असे बसायचे की जणू तो पळून जाणार आहे. पाचव्या दिवशी वाजला. सावंत चिठ्ठी घेऊन धावत ऑफिसात आले. मॅडमनी वाचली, सही केली, आणि वर लाल पेनाने ‘तातडीचे’ लिहिलं. चिठ्ठी मीच आत नेली. हिराबाईंचा चेहरा पांढरा पडला. चिठ्ठी हातात न घेता त्यांनी मलाच वाचायला सांगितलं.

“हिराबाई, घरून निरोप. येताना कोथिंबीर आणा.”

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते मला माहीत आहे, पण ते इथे सांगण्यासारखं नाही.

*

मग माणसं वाढवून द्या म्हणून काळ्या फितींचं आंदोलन झालं. काम बंद करता येत नाही आमच्याकडे, आतल्या बायकांना वाऱ्यावर सोडणार का? म्हणून फिती. तिसऱ्या दिवशी आतल्या काही बायकांनीसुद्धा वेणीला काळ्या चिंध्या बांधल्या. मॅडम उखडल्या. युनियनने कैद्यांना भडकवलं, असा त्यांचा सूर. हिराबाई म्हणाल्या, आम्ही कोणाला काही दिलेलं नाही. खरंच दिलेलं नव्हतं. जुन्या छत्रीचं कापड फाडून त्यांनी आपल्याआपण बांधल्या होत्या.

आतल्या बायकांनी एक कागदही पाठवला होता. मॅडमनी तो मीटिंगमध्ये माझ्याकडे दिला, म्हणाल्या, वाचा मोठ्याने.

मी वाचलं. “मावशींच्या मागण्या मान्य कराव्यात. मावशी चिडल्या की आमच्यावर ओरडतात.” खाली नऊ सह्या आणि चार अंगठे.

मॅडमनी पंख्याकडे बघितलं. हिराबाईंनी मला हळूच विचारलं, “परबबाई, मी ओरडते?”

मी कागदाची घडी घातली. उत्तर त्यांनाही माहीत होतं. त्या आठवड्यात वॉर्डातून त्यांचा आवाज गेटवर आला नाही, आणि सावंत दोनदा येऊन विचारून गेले, बाई आजारी आहेत काय.

*

वैशाली आमच्यातली सगळ्यात लहान काळजीवाहक. कुर्ल्याची. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आली होती, बाळ सासूपाशी. आमच्याकडे वॉर्डाची किल्ली हातातून हातात जाते. पुढची बाई आल्याशिवाय आधीची निघू शकत नाही, टेबलावर ठेवून तर नाहीच. त्या दिवशी तीनला पुढची बाई आली नाही. चार झाले, साडेचार झाले. वैशाली दारापाशी उभी, किल्ली मुठीत. दुधाने तिचा ड्रेस पुढून भिजला होता आणि ती ओढणीने झाकत होती.

मॅडम राउंडला आल्या आणि त्यांनी ते बघितलं. म्हणाल्या, “किल्ली द्या.”

वैशाली म्हणाली, मॅडम, नियम आहे.

“नियम मला पाठ आहे. द्या आणि घरी जा.”

सहापर्यंत मॅडमनी स्वतः वॉर्ड सांभाळला. कोणीतरी वर कळवलं, आणि वरून खुलासा मागवला गेला. अधीक्षकांनी वॉर्डाची किल्ली ताब्यात घेणं नियमात बसत नाही.

युनियनमध्ये दोन तट पडले. काहींचं म्हणणं, भोगू दे त्यांना, आपल्या वेळी कुठे कोण आलं? त्याच महिन्यात मॅडमनी आमच्या दोन मागण्या फेटाळल्या होत्या, तोही राग होता. हिराबाई एवढंच म्हणाल्या की राग मीटिंगमध्ये काढू, हे वेगळं आहे. मग मी पत्र टाइप केलं, व्यवस्थापनाच्या बाजूने युनियनचं पहिलं पत्र. ‘कर्तव्यदक्ष अधीक्षक त्या दिवशी वॉर्डात होत्या’ असं मोठ्या हौसेने लिहिलं. सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

पण आमचं कुठलंही पत्र वर जायचं तर अधीक्षकांच्याच टेबलावरून जातं. मॅडमना स्वतःचं कौतुक स्वतःच वाचून पुढे पाठवायचं होतं. मी समोर उभी. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि पेन काढलं. ‘कर्तव्यदक्ष’ खोडलं, ‘वॉर्डात’च्या पुढे ‘हजर’ लिहिलं.

“एवढं पुरे,” म्हणाल्या. “आता पाठवा.”

*

आणि हे गेल्या हिवाळ्यातलं. मीटिंगचा विषय होता आतलं दार. मॅडमचं म्हणणं, कुलूप ही ड्यूटीवरच्या काळजीवाहकाची जबाबदारी. हिराबाईंचं म्हणणं, एकच बाई दारही सांभाळणार आणि वॉर्डही, हे होणार कसं? दोघींचे आवाज चढले. शाह सिस्टर आल्या, स्वयंपाकघरातल्या बायका आल्या, जो तो ऐकायला मीटिंगच्या खोलीच्या दारात उभा. मी लिहायचं सोडून दिलं होतं.

बोलता बोलता हिराबाई थांबल्या. दारातल्या गर्दीत वैशाली उभी होती.

“वैशाली, तू इथे? मग आत कोण आहे?”

वैशालीने स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात रिकामा.

सगळ्या पळालो. मॅडम पुढे, हिराबाई मागे, चपला कुठच्या कुठे. आतलं दार उघडं होतं, सताड. किल्ली कुलपात लटकत होती. वैशाली आणि मॅडम, दोघींच्याही नोकऱ्या गेल्या, हेच डोक्यात.

आत बायका जेवणाच्या खोलीत गोल करून मेथी निवडत बसल्या होत्या. कोणी मान वर केली नाही. मॅडमनी मोजायला सुरुवात केली. हजेरीपटावर अडतीस. त्यांनी मोजल्या, थांबल्या, परत मोजल्या. मग हिराबाईंना म्हणाल्या, तुम्ही मोजा. हिराबाईंनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत मोजल्या.

एकोणचाळीस.

खिडकीजवळ रंजना बसली होती. दोन वर्षं रोज त्या दाराशी उभी राहून ‘माझी तारीख कधी?’ विचारणारी रंजना. आठच दिवसांपूर्वी तिचा भाऊ देवनारहून रिक्षा घेऊन आला होता, आणि सुटून ती मागे वळून न बघता गेली होती. सकाळी ती तिचा एक राहिलेला कागद न्यायला आली होती. सावंतांनी नाव लिहून घेऊन ऑफिसात पाठवलं होतं, आणि ऑफिसात कोणी नव्हतं. आम्ही सगळे पलीकडे मीटिंगच्या खोलीत भांडत होतो.

मॅडम तिच्यासमोर खाली बसल्या, जमिनीवरच. दम लागला होता. म्हणाल्या, “अगं, कागद ऑफिसात मिळतो. तू आत कशाला आलीस?”

रंजनाने जरा विचार केला.

“दार उघडं होतं,” ती म्हणाली, आणि पुढची जुडी ओढली.