काकीचा चिमटा आणि सगळ्यांचे ठोके

एक किस्सा सांगायला घेतला की मागून दुसरा धक्का मारतो. आमच्या धसई गावात तर ढीग लागलाय. पण हे सगळे एकाच वस्तूचे.

माझी काकी सरकारी दवाखान्याची आशाताई आहे, घरोघर फिरून पेशंट बघते. तिच्याकडं बोटाला लावायचा चिमटा आहे, लावला की छातीचे ठोके आकड्यात दिसतात. दवाखान्याची वस्तू. हरवली तर काकीला मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागणार. तरी मी तो उचलायचोच.

सुरुवात माझ्या दोस्तामुळं, नित्यामुळं झाली. त्याला पूजा आवडायची. शाळेतल्या मॅडम वर्गात बोललेल्या, प्रेम मेंदूत होतं, छाती नुसती धडधडते. नववीत मी तेवढंच ऐकलं, मग शाळाच सुटली. नित्याला बोललो, "चिमटा लाव आणि पूजा समोरून जाईपर्यंत बस. आकडा हलला नाय तर तुझं काय नाय."

"लाव. आपल्याला फरक नाय पडत."

पूजा पार नाक्यावर होती तेव्हाच आकडा पळायला लागला. ती जवळ आली तर नित्याच पळाला, चिमट्यासकट.

"चढ चढून आलो होतो ना," असं अजून सांगतो. बसला होता बाकड्यावर!

मग मला नादच लागला. टपरीवर गोमा आजोबांना चिमटा लावला. टपरीवाला मामा चहा ओतायला लागला तसा आकडा वर. आजोबांनी घोट घेतला, आकडा खाली.

मामा बोलला, "म्हणजे मी नुसता ओतत बसू? देऊच नको?"

"दे की. आकडा या पोराचा, तोंड माझं."

बाजारात मॅडम भेटल्या, त्यांना आजोबांच्या आकड्याचं विचारलं. बोलल्या, बरोबर आहे, वस्तू मिळणार असं कळलं की मेंदू जास्त खूश होतो. "मग मिळाल्यावर काय होतं?" "शाळेत ये, सांगते." आयुष्यात पहिल्यांदा शाळेत जावंसं वाटलं. गेलो नाय.

आमची म्हैस मान खाजवली की डोळे मिटते. तिलापण तसंच होत असणार म्हणून चिमटा कानाला लावला. एक झटका, चिमटा शेणात. धुताना माझेच ठोके मोजायला पायजे होते.

आणि मग चिमटा खरंच हरवला. दुसऱ्या दिवशी मिटिंग. काकीनं पिशवी तीनदा उलटी केली, मग माझ्याकडं बघितलं.

"आणून दे रे. मी काय बोलणार नाय."

"आईशप्पथ काकी, यावेळी मी नाय."

कोण ऐकतंय? आईनं पळी उचललेली. तेवढ्यात काका आला. काका मुरबाडची जीप चालवतो, घरात बोलला तर मीठ मागायला. त्यानं चावी खुंटीला लावली, खिशातून चिमटा काढला, काकीसमोर ठेवला.

"मी नेलेला."

काकी उठलीच. "तुमी? छातीत दुखतंय काय?"

"नाय गो. संध्याकाळी तू वैशाखऱ्याच्या एसटीतनं उतरतेस ना. तेव्हा जीपमध्ये बसून लावून बघितला."

"काय बघितला?"

"पोरं बोलतात ते खरं का."

आईची पळी तशीच वर. मी विचारलं, "काका, आकडा किती आला?"

काका पाय धुवायला मागं गेला. काकीनं चिमटा स्वतःच्या बोटाला लावला, जरा वेळ बघितलं आणि हात पदराखाली घेतला.

"दाखव ना गो," आई बोलली.

"सरकारी वस्तू आहे," काकी बोलली.