ढाब्यावरच्या इन्स्पेक्टरबाईचे बूट

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच कमरेची लाज वाटते. कमरेचं पुढं सांगतो. आधी तक्रार.

चार-पाच वर्षांपूर्वी जाम गावचा चौक आमच्या हद्दीत होता आणि मी तिथं फौजदार. एका सकाळी हायवेवरचा एक ढाबेवाला धापा टाकत ठाण्यात आला. "सायेब, माही इन्स्पेक्टर कोणतरी झाकून टाकली!"

मोबाईलवरच्या एका मालिकेत तेव्हा एक इन्स्पेक्टरबाई गाजत होती. यानं तिला ढाब्याच्या बोर्डावर रंगवून घेतलं होतं. शर्टाची बटणं अर्धी उघडी, वर्दी अंगाला चिकटलेली, कंबर एकीकडं, टोपी दुसरीकडं. खाली लिहिलेलं, 'न जेवता गेलात तर अटक!' त्याच बाईवर कोणीतरी रंग चढवून तिला नीट वर्दी घातली होती.

ठाण्यात हशा पिकला. मी ठाण्याचा नकलाकार. एसपी साहेबांपासून कोर्टातल्या बेलिफापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. त्या दिवशी टोपी वाकडी केली आणि कंबर हलवत टेबलांमधून चाललो. "जेवता का अटक करू?" पोरं टेबलं बडवून हसली. आमच्या महिला हवालदार तेवढ्या ठाणे डायरीत मान घालून लिहीत राहिल्या. मला वाटलं, बाईंना विनोद कळत नाही.

पंचनाम्याला मी आणि हवालदार बाई दोघंच गेलो. काम सफाईचं होतं. नावाची पट्टी उजव्या खिशावर, शिट्टीची दोरी, पट्टा, सगळं जागच्या जागी. मूळ पेंटरनं इन्स्पेक्टरच्या खांद्यावर दोनच तारे काढले होते, त्याचे तीन झाले होते. मी म्हणालो, "हे आपल्याच खात्यातलं कोणीतरी आहे."

हवालदार बाईंनी बोर्डाच्या खालच्या कडेला बोट दाखवलं. इन्स्पेक्टरबाईच्या पायात पांढरे पळायचे बूट होते, नाडीसकट.

"सर, वर्दीवाला तपकिरी बूट विसरत नाई. रोज पॉलिश मारते थो. हे वर्दीची वाट पाहणाऱ्यानं काढलं."

समोरच्या पंक्चरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सकाळी सहाले भरतीच्या पोरी पळतेत न इथून. एकीच्या हातात डबा होता बाप्पा. मले वाटलं दुधाचा."

मुलगी आंजी गावाकडची, एकवीस वर्षांची. जामला मावशीकडं राहून पोलीस भरतीची तयारी करायची. निवड यादीत नाव आलं होतं, चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी. गुन्हा दाखल झाला असता तर तिची वर्दी त्या बोर्डावरच राहिली असती.

तिला आणि ढाबेवाल्याला ठाण्यात बोलावलं. समोरचा हसला की बोलतो, हा माझा अनुभव. म्हणून मी टारगट पोराचा आवाज काढला. "ओ म्याडम, आमाले करा न अटक!"

ती हसली नाही. "सायेब, ढाब्यावरचा पोट्टा अगदी असाच म्हणते. रोज. तुमी बी तिथंच बसता का?"

पोरांनी समोरच्या फायली उघडल्या.

"व्हय, मीच रंगवलं," ती म्हणाली. "मावशीच्या दाराचा रंग उरला होता. आमी अकरा जणी पळत होतो, पाच राह्यलो. बाकीच्यांच्या घरचे म्हणते, नको थ्या शिट्ट्या आन् नको थे भरती."

ढाबेवाला उसळला. "पण पोरी, थे खरी बाई थोडीच हाय? कहानीतली हाय. कहानीतल्या बाईले कायची लाज?"

"काकाजी, बाई खोटी हाय, मान्य. शिट्ट्या तर खऱ्या हायेत न? आन् मी थे मालिका सगळी पाह्यली. मले आवडते थे बाई. जीप चालवते, चोराले तुरीतून धरून आणते. तुमच्या बोर्डावर यातलं काऊन नाई आलं?"

ढाबेवाल्यानं डोकं खाजवलं. "मी कुठं पाह्यली मालिका? पेंटरनं मोबाईलवर फोटो दाखवला, मी म्हटलं काढ."

बोर्ड त्याचा होता. न विचारता रंगवणं चूकच, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तक्रार द्यायचा हक्क आहे, हे त्यालाही सांगितलं. तो पंचनाम्यातल्या फोटोकडं बराच वेळ पाहत बसला. तिनं तेवढ्या वेळात ओढणीच्या टोकाला चार गाठी मारल्या.

"नाई करत तक्रार," तो शेवटी म्हणाला. "पण काम अर्धं नको ठेवू. बूट नीट करून दे. वर्दीवर पळायचे जोडे, लोक हासतीन न मले!"

"सायेब, रंग नेमका कसा असते?" तिनं विचारलं.

मी पायातला बूट काढून टेबलावर ठेवला.

गोष्टीतली बाई कशी दाखवावी, यावर टीव्हीवर माणसं घसा बसेस्तोवर भांडतात. चित्रच तर आहे, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्या केसनं एवढं शिकवलं की बोर्डावरच्या बाईला काही होत नाही, पण बोर्डाखालून जाणारीला होतं. आणि तिला ऐकू येणारा आवाज एकदा मी काढला होता, तोही ठाण्यात बसून. हवालदार बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "विनोद कळते मले, सर. एसपी साहेबांची नक्कल करता, तवा सगळ्यात जास्त मीच हासते."

दीड वर्षापूर्वी माझ्या निरोप समारंभाला ती मुलगी आली. अंगावर वर्दी, पायात चकचकीत तपकिरी बूट. पोरांनी आग्रह केला तशी उठली आणि तिनं चक्क माझी नक्कल केली. आवाज माझा, चाल माझी, मिशी पिळणंही माझंच. हवालदार बाई डोळे पुसून पुसून हसत होत्या.

कंबर मात्र तिनं जागेवर ठेवली.