डोस मर्यादेच्या आत

“हिची पाळी वेळेवर आहे ना?” हे मी विचारलं सासूला. सून, रेखा, शेजारीच उभी होती.

“व्हय तर,” सासूबाई म्हणाल्या. रेखा खाली बघत राहिली. मी फॉर्मवर टिक केली आणि तिला सीटी मशीनवर झोपवलं.

मी हिंगोलीत सीटी टेक्निशियन आहे. हळद पॉलिश करणाऱ्यांच्या फुप्फुसांवर तेव्हा एक रिसर्च चालू होता. तुलनेसाठी धडधाकट माणसंही लागत. रेखा त्यातली, सेनगाव तालुक्यातली. स्कॅनमध्ये अंगात किरणं जातात. त्यांचं माप म्हणजे डोस. पेशंटला स्कॅनचा उपयोग होतो. तुलनेसाठी आलेल्या व्हॉलंटियरला काडीचा नाही. म्हणून त्याची डोसची मर्यादा फार कमी ठेवतात, आणि गरोदर बाईला तर घ्यायचंच नाही. हे बाईला एकटीला, नर्सनं विचारायचं, असा नियम होता. नर्स जेवायला गेली होती. परक्या बाईला पाळीचं विचारायला मला अवघड वाटतं, म्हणून आमच्याकडे सगळेच करतात तसं मी सोबतच्या सासूला विचारलं. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

तीन आठवड्यांनी रेखाच्या नवऱ्याचा, विलासचा, फोन आला. “सर, रेखाला दिवस गेलेत. मशीनमधी गेली तवा बी होतेच म्हणे. पहिलं टिकलं न्हाई, म्हणून तीन महिने कुणाला सांगणारच नव्हती. आता उलट्या लागल्या तवा बोलली. सहा वर्षांनी राहिलंय, सर. लेकराला काही तकलीफ तर न्हाई ना?”

खरं तर उत्तर मला माहीत होतं. छातीच्या स्कॅनमध्ये गर्भाशयापर्यंत अगदी नावापुरती किरणं पोचतात. पण आज बोललो आणि उद्या काही झालं तर? नोकरी जायची. “हिशेब करून लेखी सांगतो,” म्हणालो.

आमच्या विभागाच्या मोठ्या साहेबांना सांगितलं. ते भडकले. “अरे, सासूला काय विचारतोस? पोट तिचं आहे का?”

डोसचा हिशेब करणारे फिजिसिस्ट नांदेडला. त्यांचा रिपोर्ट यायला पाच दिवस लागले. त्यात स्पष्ट होतं: डोस अत्यल्प, गर्भ पाडायचं काहीच कारण नाही. कागद घेऊन मी लगेच सेनगावची एसटी धरली.

रेखा बाजेवर पडून होती. सासूबाई दारातच म्हणाल्या, “काल दवाखान्यात पाडून घेतलं, साहेब. सगळे म्हणून राहिले होते, लेकरू अधू निपजंल. तुमी बी काही बोलंना. मंग आमी काय समजावं?”

रेखानं हात पुढं केला. “काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला.

“हे तुमाला फोनवर म्हाईत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मंग काहून न्हाई सांगितलं?”

मला रडू आलं. ती रडली नाही.

आता नर्स नसेल तर मी स्कॅन थांबवतो. बाईची आधी गरोदरपणाची लघवीची टेस्ट करून घेतो. आणि कुणी फोनवर विचारलं, तर माहीत असेल ते तिथल्या तिथं सांगतो. रजिस्टरमध्ये रेखाच्या नावापुढं अजून लिहिलेलं आहे: डोस मर्यादेच्या आत. नोंद बरोबर आहे.