काझी सरांचे मार्क

गणिताच्या माणसाकडं कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. मराठीच्या विभागातून हशा ऐकू येतो, आमच्याकडून फळा पुसल्याचा आवाज! पण वर्षानुवर्षं पेपर तपासत बसलं की किस्से आपोआप साठतात, खडूच्या भुकटीसारखे. कितीही झटकलं तरी थोडे पदराला राहतातच.

माझे निम्मे किस्से तर एकाच वर्षाचे आहेत. त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. मी नवीनच लेक्चरर लागले होते आणि नेकनूरहून सकाळच्या एसटीनं कॉलेजला जायचे. विभागप्रमुख होते काझी सर. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही दोघं मिळून कॅल्क्युलस शिकवायचो. सर उंच, सावकाश बोलणारे, आणि मार्कांच्या बाबतीत हात आखडता म्हणून सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध.

*

पहिल्याच तासाला सरांनी आपल्या अपेक्षा फळ्यावर लिहिल्या. ट्यूटोरियल स्वतः सोडवायचं. गणिताच्या पायऱ्या लिहायच्या. शंका विचारायच्या.

पाटोद्याकडचा भागवत नावाचा मुलगा होता, तोंडी हिशेबात लई हुशार. पहिल्या चाचणीत त्यानं नुसती उत्तरं लिहिली. सगळी बरोबर. सरांनी प्रत्येक उत्तराला पाचपैकी एक मार्क दिला. भागवत तावातावानं स्टाफरूममध्ये आला.

"सर, उत्तर बरोबर हाय ना? मग मार्क कावून कापले?"

"बेटा, उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर पण बरोबर आहे," सर म्हणाले. "त्याला किती देऊ?"

पुढच्या चाचणीत भागवतनं पुरवण्यांवर पुरवण्या मागितल्या. एका ठिकाणी तर त्यानं लिहिलं होतं, 'दोन गुणिले तीन बरोबर सहा, पाढ्यावरून.' सरांनी त्याच्यावरही टिक केली.

*

शंका मात्र कुणी विचारेना. तास संपताना सर विचारायचे आणि सगळा वर्ग खाली बघायचा. शेवटी सर म्हणाले, आज प्रत्येकानं एकेक शंका विचारल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही.

मागच्या बाकावर रुक्मिण सानप बसायची. तिचे आईवडील ऊसतोडीला जाणारे, आणि घरातली कॉलेजात आलेली ती पहिलीच. तिचा नंबर आला तशी ती उभी राहिली. मग म्हणाली, "सर, शंका न्हाईच तर विचारायची कावून?"

मला वाटलं, आता ही बोलणी खाणार.

"ही झाली शंका," सर म्हणाले. "बस खाली. पुढचा."

त्या दिवसापासून सगळ्यात जास्त शंका तिच्याच.

*

पुस्तकात एक ठरलेलं गणित असतं. शंकूच्या आकाराच्या टाकीत अमुक वेगानं पाणी पडतंय, तर पातळी किती वेगानं वाढेल? तेव्हा कॉलेजच्या टाकीत थेंब नव्हता आणि मुली घरून बाटलीत पाणी आणायच्या. मी गणित फळ्यावर लिहिलं आणि अख्खा वर्ग हसत सुटला. मलाही हसू आवरेना. पुढचं शिकवणं कठीण झालं.

शेजारच्या वर्गातून सर आले, फळा बघितला. त्यांनी 'पडतंय' पुसून 'गळतंय' लिहिलं. म्हणाले, "चिन्ह बदलेल. पद्धत तीच."

टाकी रिकामी होत असली की वेग वजा येतो. आधीच्या बॅचमधली निम्मी मुलं हे वजाचं चिन्ह विसरायची, आणि त्यावर सरांचं लाल पेन झिजायचं. त्या वर्षी एकही पोरगं विसरलं नाही.

*

एका गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन मोटारसायकलवरून कॉलेजात आले. मुलगा आमच्या वर्गात, आणि चाचणीत काठावर नापास. चेअरमननी चहा घेतला, दुष्काळाच्या गप्पा झाल्या. मग हळूच म्हणाले, पोराच्या पेपरावरून जरा पुन्हा नजर फिरवा.

सरांनी विचारलं, यंदा चारा नाही, तरी सोसायटी कशी चालवता? चेअरमनना तेच हवं होतं. ते खुलले. सांगायला लागले की गावाचा विश्वास आहे म्हणून चालते. काटेकोर काम. फॅट मशीनवर दिसेल तोच भाव.

"आता सांगतो सर, माझ्या सोताच्या म्हशीचं दूधबी फॅट लावल्याबगर घेत न्हाईत."

"पाणी निघालं तर?"

"परत करत्यात. माझंबी परत केलंय एकदा."

सरांनी पोराचा पेपर काढून त्यांच्यापुढं ठेवला. चेअरमनच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ते मोठ्यानं हसले आणि उठले. दारातून वळून म्हणाले, "पोराला उद्यापासून जादा तासाला धाडतो."

धाडलंही. वर्षाअखेर ते पोरगं पास झालं, आपल्या मार्कांनी.

*

दिवाळीनंतर वर्ग विरळ झाला. रुक्मिणच्या वडिलांचा गुडघा धरला होता, म्हणून त्यांच्या जागी आईच्या जोडीला ती स्वतः नगरकडं ऊस तोडायला गेली. जाताना पुस्तक घेऊन गेली. पुढं ती वार्षिक परीक्षेला आली, पास झाली, पदवीपर्यंत पोचली. पण मधली चाचणी बुडली असती तर तिचं वर्षच गेलं असतं.

सरांनी नियम काढून वाचले. मग मला म्हणाले, "चाचणी कुठं घ्यायची, हे यात लिहिलेलं नाही."

प्राचार्यांची परवानगी घेऊन आम्ही दोघं एसटीनं कडा गावावरून पुढं गेलो आणि शेवटी रानातून चालत. उसाच्या पाचटाच्या कोप्या होत्या, तिथंच तोडणीवाले राहायचे. रुक्मिण मोळीवर बसली, मांडीवर फळी घेतली. सरांनी बंद पाकीट सगळ्यांना दाखवून फोडलं. मुकादम गाडी भरायची म्हणून ओरडत आला, तर तिच्या आईनं हात वर केला.

"पेपर चालू हाय. आवाज करू नका."

मुकादम गपकन खाली बसला.

वेळ संपली तशी सरांनी उत्तरपत्रिका घेतली. ती पेपर बघायला कॉलेजला येऊ शकणार नव्हती, म्हणून तिथंच तपासायला बसले. बाया भोवती जमल्या. पेपर छान गेला होता. शेवटच्या इंटिग्रलच्या सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या, फक्त उत्तरापुढं लिहावंच लागतं ते 'अधिक सी' राहिलं होतं. सरांनी अर्धा मार्क कापला.

मी हळूच म्हटलं, "सर, अर्धाच आहे. सोडा ना." सरांनी बेरीज केली, सही केली आणि पेपर रुक्मिणच्या हातात दिला. तिचा चेहरा उतरला.

शेजारच्या कोपीतल्या बाईला राहवलं नाही. "एवढ्या लांबून यून मार्क कापले व्हय वो सर?"

रुक्मिणच्या आईनं पेपर आपल्या हातात घेतला. तिला अक्षर येत नव्हतं. लाल खुणेवरून तिनं बोट फिरवलं आणि त्या बाईला म्हणाली,

"अगं, कापले म्हंजी वाचलंय त्यांनी."